जंतूला वाट लागते

नवीन माणूस भेटला की आपण त्याचं नाव विचारतो, गाव विचारतो, फारच चौकस असलो तर पगार विचारतो. त्र्यंबकनाना विचारायचे, "तुमच्या घराखाली काय आहे?"

आम्ही धुळ्याला बिऱ्हाड केलं त्याच दिवशी हा प्रश्न आमच्या वाट्याला आला. सामान अजून हातगाडीवर होतं. आमचे हे डोक्यावर गादीची वळकटी घेऊन जिन्यात अडकले होते, शैला माझ्या कडेवर गळा काढून रडत होती, आणि खाकी सदरा, उन्हाची टोपी नि हातात मिटलेली छत्री असा एक उंच, हडकुळा माणूस दारात उभा राहून अतिशय गंभीरपणे हे विचारत होता. आम्हाला वरच्या मजल्यावर जागा मिळाली होती. ह्यांनी वळकटीच्या आतून उत्तर दिलं, "खाली घरमालक राहतात."

"त्यांच्या खाली?"

"त्यांच्या खाली कोणी नाही."

"असतं," नाना म्हणाले. "मुरूम असतो, पोयटा असतो, काळा दगड असतो. कोणीतरी असतंच."

मग छत्रीचं लोखंडी टोक अंगणात दोन-चार ठिकाणी ठोकून, मान वाकडी करून त्याचा आवाज ऐकून ते निघून गेले. ह्यांनी मला विचारलं, "वेडा आहे का हा?" मी म्हटलं, "असला तरी काय करणार, भाडं देऊन झालंय."

ही गोष्ट सत्तर सालाच्या आगेमागेची. धुळ्यात गल्ल्यांना नावं नाहीत, आकडे आहेत. आमचा आकडा मी सांगत नाही, कारण त्या गल्लीत अजून आमचं जाणं-येणं आहे. घरमालक मोहनलालशेठ, मूळचे मारवाडचे, धुळ्यात सरकी-पेंडीचा व्यापार. तळमजल्यावर ते आणि त्यांच्या पत्नी कमलाभाभी, वर आम्ही, आणि परसातल्या एका खोलीत त्र्यंबकनाना. परसाच्या भिंतीपलीकडे गल्लीचा आड. आड म्हणजे अरुंद नि खोल विहीर, वर दगडी ओटा, कप्पीवरून सोडलेला दोर आणि त्याला कायमचा बांधलेला एक पोहरा. नळ होते, पण पाणी त्यांच्या मर्जीने यायचं. सगळ्या गल्लीची भिस्त आडावर.

नाना नगरपालिकेत सॅनिटरी इन्स्पेक्टर होते. सॅनिटरी इन्स्पेक्टर म्हटला की आपल्याला गटारावर पावडर टाकून घेणारा माणूस आठवतो. नानांना गटारात गोडी नव्हती. गटार उघडं असतं, सगळ्यांना दिसतं, त्यात शोधायचं काय, असं ते म्हणत. त्यांचं सगळं लक्ष जमिनीच्या पोटात. संडासाच्या खड्ड्यातून निघालेला जंतू मातीतून कसा जातो, कुठवर जातो, विहिरीपर्यंत पोचतो की मधेच मरतो, हा त्यांच्या आयुष्याचा प्रश्न होता. बाकीच्या प्रश्नांना त्यांनी हात लावला नव्हता. लग्नही केलं नव्हतं. मुलगी बघायला गेले असतील तेव्हा तिथंही घराखाली काय आहे हेच विचारलं असेल, असं आमचे हे म्हणत.

माती ही त्यांच्या लेखी माणसांसारखी होती. रस्त्यात कुठे पाया खणलेला दिसला की नाना थांबलेच. चिमूटभर माती बोटांत चुरडायची, कानाशी नेऊन तिची कुरकुर ऐकायची आणि शेजारी जो कोणी उभा असेल त्याला तिचा स्वभाव सांगायचा. "पोयटा फार सज्जन. आलेल्या जंतूला दारातच बसवून ठेवतो, पुढे जाऊ देत नाही. तिथंच बसून बसून बिचारा मरतो. मुरमाचा भरवसा नाही, तो दार सताड उघडं टाकून झोपणाऱ्यांपैकी. काळी माती पावसाळ्यात चांगली, उन्हाळ्यात भेगाळली की संपलं. आणि काळा दगड," इथे ते आवाज खाली आणत, "वरून एवढा घट्ट दिसतो, पण आत सगळ्या चिरा. त्याच्यावर कधी विश्वास टाकू नका." ऐकणाऱ्याला वाटे, गल्लीतल्याच कोणाबद्दल बोलतायत.

विहीर आणि संडास यांच्यात किती अंतर हवं, असं कोणी विचारलं की ते चिडत. "अंतराचं काय घेऊन बसलात. जंतूला पाय नाहीत. जंतूला वाट लागते."

हे त्यांचं पालुपद. पहिल्यांदा ऐकणारा हमखास चुकायचा. आमच्या ह्यांनीही समजूतदारपणे मान हलवून म्हटलं, "म्हणजे मातीत जंतूची वाट लागते तर."

"जंतूची नाही हो, मास्तर. जंतूला वाट लागते. मिळाली तर तो येतो. आला की मग वाट आपली लागते."

त्यांच्या खोलीत एक लाकडी पेटी होती. पेटीत विजेचा दिवा सतत जळत असे आणि झाकणाच्या फटीतून उजेड दिसे. ती पेटी म्हणजे काय याचा गल्लीला बरेच दिवस पत्ता नव्हता. दिव्याच्या उबेवर अंडी उबवतात, कोंबडीची पिल्लं काढून विकतात, अशी कुजबुज झाली आणि ती मोहनलालशेठच्या कानावर गेली. शेठ जैन. ते भर दुपारी परसात आले. आम्ही वरून गॅलरीतून बघत होतो.

"नानासाब, ह्या पेटीत काय हाय? अंडा हाय का?"

"छे, अंडी कशाला?" नानांनी झाकण उघडलं. आत काचेच्या नळ्या ओळीनं उभ्या. "यात गावच्या विहिरींचं पाणी आहे. पाण्यात जीव आहेत. डोळ्यांना दिसत नाहीत एवढे बारीक."

हे तर अंड्यापेक्षा अवघड झालं. शेठ दोन पावलं मागे सरकले. "जीव हाय? मग तुम्ही त्यांना मारता काय?"

"मारत नाही. ऊब देतो, खायला देतो. चांगले वाढले की नळीत बुडबुडा येतो. मग मला कळतं की ही विहीर वाईट."

शेठनी विचार केला. मग चेहरा निवळला. "खायला देता? मग चालेल," असं म्हणून ते निघून गेले. काम झाल्यावर त्या नळ्या उकळून टाकाव्या लागतात, हे नानांनी त्यांना कधी सांगितलं नाही. त्या कामासाठी ते पिशवी घेऊन मुकाट्यानं ऑफिसात जात.

नानांचे सख्खे भाऊ अमळनेरकडच्या एका खेड्यात होते. भावाच्या थोरल्या मुलाच्या लग्नाला नाना हौसेनं गेले. लग्न मुलीच्या गावी. व्याह्यांनी वऱ्हाडाची बडदास्त चांगली ठेवली होती. नाना गावात पोचले, तोंड धुतलं आणि छत्री घेऊन विहिरीकडे गेले. विहिरीच्या वरच्या अंगाला उकिरडा, मधे नुसता मुरूम. पंगत बसली, पानं वाढून झाली, तांबे फिरायला लागले, आणि नवऱ्या मुलाचा सख्खा काका पंगतीत उभा राहून म्हणाला की मुलीकडच्यांच्या विहिरीत जंतू आहेत, पाण्याला कोणी तोंड लावू नये.

मुलीकडच्यांच्या घरात दोष आहे असं लग्नात म्हणू नये, एवढं लहान मुलालाही कळतं. पण एकदा ते बोललं गेल्यावर पाणी पिण्याची हिंमत कोणाला होईना. आचाऱ्यांनी कढया धुऊन त्यात पाणी उकळलं, ते निवेपर्यंत पंगत ताटकळली आणि जेवणं दिवेलागणीला झाली. वऱ्हाडातला एकही माणूस आजारी पडला नाही. नाना म्हणायचे, "बघा." त्यांचे भाऊही म्हणायचे, "बघा."

त्यानंतर घरच्या लग्नांच्या पत्रिका नानांना लग्न झाल्यावर पोचायला लागल्या. पोस्ट खात्याचा कारभार फार ढिला झालाय, असं नाना म्हणत आणि पत्रिका खिळ्याला अडकवून ठेवत.

मोहनलालशेठच्या घरी पूर्वी टोपलीचा संडास होता. नाना त्यांच्या मागे लागले होते की तो काढा, माणसाच्या डोक्यावर मैला द्यायचे दिवस गेले, नव्या पद्धतीचा खड्ड्याचा संडास बांधा. शेठचं म्हणणं, खड्डा कुठं घ्यायचा, भिंतीपलीकडे आड आहे. नानांनी सगळं परस छत्रीनं ठोकून काढलं, पहार मारून माती वर काढली, कानाशी नेली आणि एका जागेवर रेघ मारली. "इथं घ्या. खाली पोयटा आहे, चांगला जाड. आडापर्यंत काही पोचायचं नाही. मी सांगतो." त्या हिवाळ्यात संडास बांधून झाला. शेठ येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवत.

आणि हिवाळा सरताना आमच्या शैलाला ताप भरला.

शैला तेव्हा शाळेत जायला लागली होती. आधी वाटलं, साधा ताप असेल. मग डॉक्टर म्हणाले, मुदतीचा आहे, दिवस भरल्याशिवाय उतरायचा नाही. ते दिवस मला आठवायला आवडत नाहीत. पोर नुसती जिभेनं ओठ चाटत पडून राहायची. कमलाभाभी रोज मुगाचं पाणी करून वर आणायच्या आणि मी स्वैपाकाला उठले की तिच्या उशाशी बसायच्या. शेवटी ताप उतरला. शैला भिंतीला धरून चालायला लागली तेव्हा डॉक्टरांनी सहज विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

"आडाचं," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता मला शेठचा नवा संडास आठवला.

त्या क्षणापासून माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. मी पाणी उकळायला लागले. माझं बघून गल्ली उकळायला लागली, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर रॉकेल त्यात जातं म्हणून मलाच बोल लावायला लागली. भाभींना माझ्या मनातलं कळलं. त्यांचं वर येणं थांबलं आणि मीही जिना उतरताना त्यांच्या दाराकडे बघेनाशी झाले. एका घरात वर-खाली राहून अबोला धरणं किती कष्टाचं असतं, ते ज्यांनी धरलाय त्यांनाच ठाऊक.

एक दिवस मी सरळ नानांच्या खोलीवर गेले. म्हटलं, "नाना, मला खरं सांगा. माझ्या पोरीचा ताप त्या आडातून आला का?"

नाना नेहमी मातीबद्दल विचारलं की खुलायचे. त्या दिवशी त्यांनी पेटीचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. जागा त्यांनीच दाखवली होती. मग म्हणाले, "माहीत नाही, वहिनी. बघावं लागेल."

बघायचं ते असं. शेठच्या खड्ड्यात रंग ओतायचा आणि आडाच्या पाण्यात तो येतो का ते पाहायचं. "रंग जंतूपेक्षा चपळ," नानांनी आम्हाला समजावलं. "तो पोचला म्हणजे जंतू पोचलाच असं नाही. पण जिथे रंगच पोचत नाही, तिथे जंतू पोचायचा नाही." या कामाचा खास रंग मागवला तर तो येईस्तोवर पावसाळा येईल, म्हणून त्यांनी बाजारातला गुलाबी घ्यायचं ठरवलं. शिमगा तोंडावर होता. नाना म्हणाले, सणाचा रंग आडात पडला तर घोटाळा होईल, सण होऊन जाऊ दे.

मला त्यांच्या या सावधपणाचं फार कौतुक वाटलं.

आमच्या गल्लीत धुळवड मारवाडी पोरांची. ती सकाळपासून रस्त्यात धिंगाणा घालतात, डबे बडवतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला भिजवतात. ती झाली, दुसऱ्या दिवशी नाना बाजारात गेले. दुकानदार ओळखीचा. "काय साहेब, औंदा खेळणार वाटतं?" त्यानं विचारलं. नाना म्हणाले, "नाही, संडासात टाकायचाय. सण संपला, आता उरलेला स्वस्तात दे." दुकानदारानं पुडा बांधून देईपर्यंत पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं नाही. हे नंतर त्यानेच सगळ्या गावाला सांगितलं.

रंग खड्ड्यात पडला. शेठनी आधी कुरकुर केली, मग स्वतःच बादलीनं पाणी ओतलं, कारण अब्रू त्यांचीही अडकली होती. नानांनी घरोघरी सांगितलं, "आडाचं पाणी गुलाबी दिसलं की मला हाक मारा. दुसरं काही करू नका." त्या दिवसापासून गल्लीतली प्रत्येक बाई पोहरा वर आला की आधी त्यात डोकावायची. पहिल्या दिवशी पाणी स्वच्छ. दुसऱ्या दिवशीही स्वच्छ. माझा जीव हळूहळू थाऱ्यावर यायला लागला होता.

आणि एका सकाळी मी पोहरा ओढून घेतला तर आत गुलाबी पाणी.

कण्हेरीच्या फुलाइतकं फिकट, पण गुलाबी. मी दुसरा पोहरा काढला, तोही तसाच. मग मी जी हाक मारली ती म्हणे पांझरा नदीपलीकडे ऐकू गेली. गल्ली जमा झाली. भाभी आल्या, शेठ धोतर सावरत आले. तोंडात आलं ते मी बोलले. "तुमच्या संडासाचं पाणी आम्ही पितोय आणि तुम्ही पाहुण्यांना संडास दाखवत फिरताय." भाभी म्हणाल्या, "जागा आम्ही नाही काढली. नानासाबनं काढली." आणि पदर डोळ्यांना लावून रडायला लागल्या. सगळे नानांकडे वळले.

नानांनी काचेच्या नळीत पाणी घेऊन उन्हात धरलं होतं. "आला," ते एवढंच म्हणाले. मग नळी खाली ठेवली. "भाभी बरोबर बोलतात. जागा मी दाखवली. पोयटा आहे म्हणालो. वहिनी, शैलाचा ताप माझ्यामुळे आला." आणि ते ओट्यावर बसले. एवढा उंच माणूस बसल्यावर एकदम लहान दिसायला लागला. मला त्यांच्यावरही ओरडायचं होतं, पण ओरडता आलं नाही.

तेवढ्यात समोरच्या घरातून सोनाअक्का काठी टेकत आली. वय झालेलं, रागलोभ कोणाचा ठेवत नसे, सगळ्यांशी अहिराणीतच बोले, सगळ्यांना अरेतुरे करी. "काय गलबला शे रे? सकायमा काय झाय?"

कोणीतरी सांगितलं, आडात रंग आला.

अक्कानं डोळ्यांवर हात धरून आम्हा सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. मग आमच्या ह्यांच्यापाशी थांबली. "मास्तर, तुना कान काब्र गुलाबी शेतस?"

ह्यांनी कानाला हात लावला.

"काल पंचमी व्हती ना रे," अक्का म्हणाली. "बठ्ठा पोऱ्यासनी याच पोहरामा रंग टाका व्हता. मी दारमा बसीसन देखी ऱ्हायंतू."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ह्यांचे कान गुलाबी. माझा भांग गुलाबी. पलीकडच्या पोस्टमास्तरांच्या मिशा गुलाबी. पाण्यात हा रंग कुठून आला म्हणून ऊर बडवणारी सगळी गल्ली आदल्या दिवशीची रंगपंचमी अंगावर घेऊन उभी होती. मारवाडी घरं पंचमी खेळत नाहीत, पण आम्ही तर नाना ऑफिसात असताना दिवसभर अंगणात एकमेकांना रंगवलं होतं, संध्याकाळी त्याच ओट्यावर कपडे धुतले होते. तरी भीती अशी चीज आहे की एकाच्याही डोक्यात ते आलं नाही. आधी शेठना हसू फुटलं, मग पोस्टमास्तरांना, मग कोणाला आवरेना. भाभी रडता रडता हसल्या. नाना तेवढे हसत नव्हते. ते अक्काला विचारत होते, "काल पंचमी होती?"

पण ते फार वेळ बसून राहिले नाहीत. उठून पोहरा उलटा केला, तळाला रंगाचा थर दिसला. मग मला म्हणाले, "वहिनी, आरसा आणा." आरशानं त्यांनी उन्हाचा कवडसा आडात सोडला आणि आम्हाला बोलावून दाखवलं. ओट्याच्या दगडांत एक चीर पडली होती, आणि त्या चिरेखालून आतल्या भिंतीवर गुलाबी ओघळ थेट पाण्यापर्यंत गेला होता. शेठच्या खड्ड्याकडची बाजू कोरडी, स्वच्छ.

"बघा," नाना म्हणाले. त्यांच्या आवाजात जीव परत आला होता. "जंतूला वाट लागते. वाट ही इथे आहे, वरून. आपण धुणं धुतो, ते पाणी परत आडात जातं आणि तेच आपण पितो. मी मेला खाली शोधत बसलो."

त्या दिवशी गल्लीनं आड उपसला. शेठनी गवंडी आणला, चीर सिमेंटनं बुजवली आणि आडावर धुणं बंद झालं. पोहरा घासून स्वच्छ झाला. नवे झरे भरून आले तेव्हा पाणी पांढरं स्वच्छ होतं, आणि पलीकडे खड्डा अजून गुलाबीच्या गुलाबी. तरी नाना म्हणाले, थांबा, नळ्या काय म्हणतात ते बघू. नळ्या पेटीत गेल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे वीज गेली. मी खाली गेले तर नाना सगळ्या नळ्या गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसलेले, आणि मोहनलालशेठ घरातली रबरी पिशवी गरम पाण्यानं भरून आणत होते. "नानासाब, जीव थंडीनं मरायला नको," ते काळजीनं म्हणाले.

तिसऱ्या दिवशी नाना जिना चढून वर आले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच वर येत होते. दारात उभे राहून खाकरले आणि म्हणाले, "बुडबुडा नाही."

"कशात?"

"एकाही नळीत नाही. आड चांगला आहे, वहिनी. पोयटा पोयट्यासारखा वागला. आणि ओट्यावरून जायचं ते गल्लीचं धुणं, त्यानं ताप यायचा असता तर सगळ्या गल्लीला यायला हवा होता."

मी तिथंच भिंतीला टेकून बसले आणि मला रडू आलं. इतके दिवस छातीवर धोंडा ठेवला होता तो कोणी उचलल्यासारखं झालं. नाना कावरेबावरे होऊन शैलाशी बोलायला लागले. "काय गं, शाळेबाहेर बर्फाचा गोळा खातेस का?" शैला म्हणाली, "फक्त शेंदरी." नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि सुटकेचा एवढा मोठा निःश्वास टाकला की शैलाला वाटलं, गोळा खाणं चांगलं असतं.

मी लगेच खाली जाऊन भाभींच्या दारात उभी राहिले. त्यांनी पाट मांडला. आम्ही दोघींनी अबोल्याच्या दिवसांतलं साचलेलं सगळं एका बैठकीत बोलून टाकलं. वर आले तेव्हा नाना ह्यांच्याबरोबर चहा पीत बसले होते. मन हलकं झालं की मला चेष्टा सुचते. मी म्हटलं, "काय हो नाना, धुळवड एवढी बरोबर लक्षात ठेवलीत आणि पंचमी कशी विसरलात? जन्म खानदेशात काढलात ना?"

नानांनी चहावर फुंकर घातली. "चूकच झाली," ते म्हणाले. रंगाचा प्रयोग कुठे फसला ते तपासून सांगावं, तसं सांगत होते. "धुळवड रस्त्यावर असते ना, वहिनी. दार लावून बसलं तरी आवाजानं कळते. पंचमी घरात असते. भावजय, पुतणी, कोणीतरी मागून येऊन तोंडाला लावतं, तेव्हा कळतं की आज पंचमी. तसं काही झालं नाही, म्हणून मला वाटलं, झाला सण." मग कप खाली ठेवून म्हणाले, "पुढच्या वेळी आधी पंचांग बघेन."

मी किटलीकडे वळले, कारण तोंडावर काय दिसत होतं ते मला त्यांना दिसू द्यायचं नव्हतं. हे पेपर उलटा धरून वाचायला लागले.

पुढल्या वर्षी पंचमीला मी शैलाला सकाळीच हाताशी धरून परसात नेलं. वाटलं होतं, दार बंद असेल, हाका माराव्या लागतील. दार सताड उघडं होतं. नाना जुना, विटका सदरा घालून दाराकडे पाठ करून बसले होते आणि कधीच धुऊन ठेवलेल्या नळ्या पुन्हा पुसत होते. शैलाची चाहूल लागली असणारच, पण त्यांनी मान वळवली नाही. तिनं मागून जाऊन दोन्ही गालांना गुलाबी रंग चोपडला. नाना हलले नाहीत. डोळे मिटून घेतले आणि ती हात काढीपर्यंत तसेच बसून राहिले.

मी म्हटलं, "नाना, पाणी देते, धुऊन टाका. ऑफिस आहे ना तुम्हाला आज?"

"आहे," नाना म्हणाले.

गावाला आयुष्यभर हात धुवा, तोंड धुवा सांगणारा तो माणूस उठला, टोपी घातली आणि तसाच गुलाबी तोंडानं ऑफिसला निघून गेला. संध्याकाळी परत आला तेव्हाही रंग चेहऱ्यावर होता. मी गॅलरीतून पाहिलं आणि मला फार बरं वाटलं.